निळी डबी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सुनेने मला विचारलं, "आप्पा, आत्याबाईसले काय आवडे? आगारीमा काय टाकू?"

मी ओसरीवर बसलो होतो.

आमच्याकडे आखाजीला मेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. वर खरबूज ठेवतात, आंबा ठेवतात. चुलीतले निखारे बाहेर काढून त्यांच्यावर घास टाकतात, ती आगारी. गेलेल्याला जे आवडत होतं ते त्यात पडलं पाहिजे, नाहीतर तो दारातून उपाशी परत जातो. निदान पहिल्या घागरीला तरी चूक चालत नाही. आणि ही माझ्या बायकोची, सुनेच्या आत्याबाईंची, पहिली घागर होती. पौषात एका सकाळी चुलीपुढे चहा ठेवायला बसली, ती उठलीच नाही. आधण उकळून उकळून आटून गेलं तेव्हा आम्हाला कळलं.

सेहेचाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं. तिला काय आवडायचं ते मला सांगता येईना. शेवटी म्हणालो, "गोड टाक. बायांना गोडच आवडतं." सून आत गेली. तिलाही ते पटलेलं दिसलं नाही.

आता माझं सांगतो. मी चौथी शिकलेला शेतकरी. पण डोळ्यांवर रुमाल बांधा आणि समोर सिगार पेटवा, तो कडक पानाचा की मऊ पानाचा, जुना की ताजा, डब्यात दमट झाला होता की नाही, हे मी धुरावरून सांगतो. हा नाद मला सारंगखेड्याच्या यात्रेत लागला. घोडे बघायला गेलो होतो. एक घोडेवाला पाईप ओढत बसला होता. त्या धुराचा वास घेतला आणि घोडे बघायचे विसरून मी त्याच्याजवळच बसलो. त्याने चिमूटभर तंबाखू दिली. परत येताना यात्रेतूनच एक जुना पाईप घेऊन आलो. बायको म्हणाली, घोडा आणायला गेले आणि नळी घेऊन आले.

पुढे शहाद्याचे एक बियाणेवाले शेठ ओळखीचे झाले. राजस्थानकडचे, तीन पिढ्या इथेच. त्यांचा मुलगा दुबईला. तो येताना सिगार आणायचा, पाईपच्या तंबाखूच्या डब्या आणायचा. शेठच्या घरात ओढायची सोय नव्हती. मग दर रविवारी दुपारी शेठ माझ्याकडे, मळ्यातल्या घरी. विहिरीजवळ निंबाखाली खाट टाकायची. सिगारचं टोक बायकोच्या अडकित्त्याने कापायचं. अर्धा त्यांनी ओढायचा, अर्धा मी. मध्ये कोरा चहा, म्हणजे जीभ साफ होते. मग ज्याने त्याने आपला निकाल सांगायचा. एका सिगारला नंदुरबारला मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवरून वारा आल्यासारखा ठसका होता. एकाला नव्या खोगिराचा वास. एक इतका पाणचट निघाला की शेठ म्हणाले, ही तर उदबत्ती आहे, देवापुढे लावा.

ओसरीवरच्या फडताळात माझ्या डब्या असायच्या. त्यातल्या दोन डब्यांवरून शेठचं आणि माझं कायम भांडण. लाल डबीतली गोडसर, पेटवली की गुऱ्हाळाचा वास यायचा. ती माझी पहिली. निळी कडवट, थोडी जळक्या लाकडासारखी. ती शेठची पहिली, माझी तिसरी. शेठ म्हणायचे, "भाऊ, तुमच्या नाकाला गुळापलीकडे काही कळत नाही." मी म्हणायचो, तुमच्या जिभेवर बियाण्याचं औषध बसलं आहे. वर्षानुवर्षं हाच वाद. शेठ म्हणायचे, तिसरा माणूस पाहिजे निकाल द्यायला. पण आमच्या पंचक्रोशीत तिसरा पाईपवाला कुठून आणणार.

एकदा फडताळ पुसताना बायको सहज म्हणाली, "त्या निळी डबीमा बटाटानी साल टाका. कोरडी पडी ऱ्हायनी ती." मी टाकली. दोन दिवसांत तंबाखू सुधारली. रविवारी शेठला मी हा उपाय माझाच म्हणून सांगितला. झाकण घट्ट लागलेल्या डबीत तंबाखू कोरडी झाली हे तिला बाहेरून कसं कळलं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आता येतो. रोज येतो.

मग निळी डबी लवकर संपायला लागली. मी तिला फारसा हात लावत नव्हतो, शेठ आठवड्यातून एकदा. तरी ती लालच्या आधी तळाला जायची. मी एक दिवस तंबाखू सपाट दाबून वर अंगठ्याचा ठसा उठवून ठेवला. चौथ्या दिवशी बघतो तर ठसा नाही.

ओसरीवर घरच्या माणसांशिवाय रोज एकच माणूस यायचा. आमचा सालदार. भिल्ल समाजाचा, बारा वर्षं आमच्याकडे. बैल त्याच्या हाकेशिवाय उठायचे नाहीत. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. त्या आखाजीला आगारी झाल्यावर भाऊबंद ओसरीवर बसलेले असताना तो नेहमीसारखा पुढच्या सालाचं बोलायला आला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या वर्षी येऊ नको. तुझा हात चांगला नाही. माझी निळी डबी तू रिकामी करतोस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग फडताळाकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे माझी बायको उभी होती. तो एवढंच म्हणाला, "बरं आप्पा." खांद्यावरचा दोर खुंटीला टांगला आणि गेला. आठ दिवसांत नवरा-बायको गुजरातेत वीटभट्टीवर गेले, असं कळलं.

बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची. मला वाटलं, भरवशाचा गडी गेला म्हणून चिडली. चौथ्या दिवशी म्हणाली, "त्याने लिधी नही." मी म्हणालो, मग कोणी घेतली, उंदरांनी? ती परत चुलीकडे वळली.

आणि त्या दिवसापासून निळी डबी कमी व्हायची थांबली. मी अंगठा उठवून ठेवायचो, ठसा जिथल्या तिथे. शेठला दाखवलं. म्हणालो, बघा, चोर गेला, चोरी गेली.

या गोष्टीला सहा वर्षं झाली.

तर यंदाची आखाजी. सुनेने पुरणाच्या पोळ्या केल्या, आंब्याचा रस केला. घागर भरली. निखारे अंगणात काढले. भाऊबंद जमले. मुलाने पहिला घास टाकला, मग मी टाकला. पुरण जळाल्याचा वास सुटला. माझ्या मनात कालचाच प्रश्न होता, हे तिला आवडायचं का. जळणाऱ्या पुरणाला विचारून काय उपयोग.

तेवढ्यात फाटकातून सालदार आणि त्याची बायको आत आली. दोघंही वाळून गेलेली. वीटभट्टीवरून आखाजीला गावी परतली तेव्हा त्यांना माझी बायको गेल्याचं कळलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानेही मला रामराम घातला नाही. त्याची बायको सरळ निखाऱ्यांजवळ जाऊन बसली, पदराची गाठ सोडली आणि टेंभुर्णीच्या पानाची एक विडी काढून निखाऱ्यावर ठेवली.

सून माझ्याकडे बघायला लागली. भाऊबंद एकमेकांकडे. मी ओरडलो, "हे काय टाकलं? तिच्या आगारीत विडी?"

ती मान वर न करता म्हणाली, "माय पिये, आप्पा. तुमनी निळी डबीनी."

माझ्या बायकोला ती दोघं मायच म्हणायची. तरी मला पहिल्यांदा त्या शब्दांचा अर्थच लागला नाही. शब्द कळले, अर्थ नाही. आमच्या घरच्या बाया मशेरी लावतात, पण ओढणं नाही. एकदा आम्ही दोघं धडगावहून जीपने येत होतो. समोर एक म्हातारी विडी ओढत बसली होती. मी बायकोला म्हणालो, बघ, लाज नाही. ती खिडकीबाहेर घाट बघत राहिली. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी होतो तिथेच अंगणात बसलो.

सालदाराच्या बायकोने मग सांगितलं. दुपारी मी झोपलो की माझी बायको गोठ्यामागे शेवग्याखाली जायची. लुगड्याच्या ओच्यात माझ्या डबीतली चिमूट. सालदाराची बायको ती पानात गुंडाळून द्यायची. दोघी एकच विडी ओढायच्या, आळीपाळीने. माझ्या सगळ्या डब्या तिने चाखल्या होत्या. पेटीत उरलेल्या सिगारची थोटकंसुद्धा. सिगारवर तिचा निकाल होता की हा मुळा जाळल्यासारखा लागतो. आणि लाल डबीची तर ती नक्कल करायची, मी डोळे मिटून मान डोलावतो तशी.

"माय म्हने, लाल म्हंजे पोऱ्यासना खाऊ शे. माले गोड चालस नही. खरी तंबाखू ती निळी."

सुनेने हातातल्या ताटाकडे बघितलं. ताटात पुरण आणि रस.

मी सालदाराकडे वळलो. तो फाटकाजवळच उभा होता. मी विचारलं, "मंग तव्हय काबर बोलना नही?"

"मायनं माय सांगीन. मी काबर सांगू?" तो म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "आन आप्पा, मी तंबाखूले हात बी लावस नही. खात नही, पेत नही. बारा साल तुमना घर काढात."

मी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. बारा वर्षांत त्याच्या तोंडात विडी नाही, हातात चुना नाही. आमच्या रविवारच्या बैठकीत तो चहा आणून द्यायचा आणि धूर चुकवायला वाऱ्याच्या उलट बाजूला उभा राहायचा. मी ते बघायचो. बघायचो आणि शेठला म्हणायचो, या सिगारचा धूर कसा जड आहे बघा, खाली बसतो. धूर कुठे जातो ते मला दिसायचं. तो माणूस कुठे उभा आहे ते दिसलं नाही.

मग त्याच्या बायकोने पुढचं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी मी त्याला काढलं, त्या संध्याकाळी माझी बायको त्यांच्या झोपडीवर गेली होती. म्हणाली, मी आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते. सालदाराच्या बायकोने तिला अडवलं. ते अडवणं तिने जसं सांगितलं तसं लिहितो: "साल गयं ते दुसरं भेटी जाई. घरधनीनं मन फाटनं ते कोन शिवी?"

म्हणजे माझं मन फाटू नये म्हणून या दोघांनी घर सोडलं. आणि माझ्या बायकोने त्या दिवसापासून निळी डबी उघडली नाही. मी जो ठसा शेठला मिरवून दाखवत होतो, तो चोर गेल्याचा पुरावा नव्हता. ती रोज दुपारी झोपायला लागली होती. मला वाटलं, वय झालं.

मी उठलो. ओसरीवर गेलो. पौषापासून फडताळाला हात लावला नव्हता. निळी डबी काढली, झाकण फिरेना, लुगड्याच्या फडक्याने धरून फिरवलं. आत थोडी होती. वाळून खडखडीत झालेली, वर माझा अंगठा अजून उमटलेला. डबी घेऊन निखाऱ्यांपाशी आलो. ती उलटी करणार, तेवढ्यात सालदाराच्या बायकोने माझा हात धरला. म्हणाली, सगळी नको, चिमूटच, मायला जास्त चालायची नाही, खोकला यायचा. हेही मला माहीत नव्हतं. खोकला ऐकला होता. मला वाटायचं, चुलीचा धूर.

चिमूट टाकली. पुरणाच्या वासावर तो कडवट वास चढला. मी डोळे मिटले नाहीत. या वेळी मिटायची हिंमत नव्हती.

मग भाऊबंदांसमोर मी सालदाराला म्हणालो, "चोर म्हणालो होतो यांच्यासमोर. आता यांच्यासमोरच सांगतो, चोर तू नव्हतास. मी आंधळा होतो." म्हणालो, साल धर, आजच धर.

तो म्हणाला, "आते नही, आप्पा." रागाने नाही, साधंच म्हणाला. त्याचा मुलगा आता पिकअप चालवतो, म्हणाला. जाताना सुनेने दोघांना जेवायला बसवलं. त्याच्या बायकोने पोळी खाल्ली, रस बाजूला ठेवला.

पुढच्या रविवारी शेठ आले, नवी सिगारची पेटी घेऊन. रुमाल काढला, माझे डोळे बांधायला. मी म्हणालो, थांबा. सगळं सांगितलं. शेठ रुमालाची घडी घालत ऐकत राहिले. घडी उलगडली, परत घातली. मग विचारलं, "वहिनींची पहिली कोणती?"

"निळी," मी म्हणालो.

इतकी वर्षं ज्या निकालासाठी आम्ही भांडलो तो शेठच्या बाजूने लागला होता. ते जिंकले म्हणून हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत. सिगारची पेटी तशीच बंद ठेवली. मी आत जाऊन बटाटा सोलला आणि एक साल निळ्या डबीत टाकली.