सोड्याच्या पाण्यातली काच

सून कपड्यांसाठी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकते आणि त्या वासासरशी मी धुळ्याच्या स्टुडिओत पोचतो. तिथे मी आणि वामन फोटोग्राफी शिकायचो. तेव्हा फोटो काचेवर निघत. एकदा पारोळ्याहून मला भेटायला आई आली, तर आमचे गुरू नाना म्हणाले, "दोघांनी यांचाच फोटो काढा."

मी तिला ताठ बसवलं, हनुवटी वर, हात मांडीवर. फोटो रेखीव आला. वामन मात्र कॅमेऱ्याचं झाकण काढता काढता म्हणाला, "अक्का, माले भूक लागनी." आई हसली, तिचा हात हलला आणि काचेवर धूसर उमटला.

"हा खरा फोटो," नाना म्हणाले.

मला झोंबलं ते तिचं हसणं. माझ्यासमोर ती अशी कधी हसली नव्हती.

सरावाच्या काचांवरचं चित्र आम्ही सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन काढायचो आणि कोऱ्या काचा फ्रेमला वापरायचो. दुसऱ्या दिवशी मी वामनची काच त्यात सोडली. "चुकून गेली," म्हणालो. त्याने ती कोरी काच पुसून फ्रेमच्या काचांत ठेवली.

माझी काच अजून शाबूत आहे. तिच्यावरून काढलेला फोटो भिंतीवर आहे. नातवंडं विचारतात, पणजी एवढी रागीट होती का?