दोन सेकंदांचा थांबा

अंधशाळेच्या छपाईखोलीत सगळे तिला ताईच म्हणत. संगणकावर मजकूर चढवायचा, यंत्रातून ब्रेलचे ठिपके उठवलेले कागद काढायचे आणि तपासायला शेजारच्या टेबलावर धाकट्या भावाकडे द्यायचे, हे तिचं काम. भावाला दिसत नाही. पण त्याच्या बोटांखालून चूक सुटेल तर शपथ.

अक्षरांचे ठिपके करणारा प्रोग्रॅम कुणा परक्या माणसाने लिहून जगासाठी मोकळा ठेवला होता. कुणीही वापरा, कुणीही दुरुस्त करा. पण चार वर्षं त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि नव्या संगणकावर तो प्रोग्रॅम काही केल्या चालेना. ताईने त्याला पत्र धाडलं. उत्तर आलं, "मी आता मधमाश्या पाळतो. प्रोग्रॅमच्या किल्ल्या तुम्हीच घ्या."

झालं! ताई कंबर कसून प्रोग्रॅमच्या साफसफाईला लागली. त्यातल्या चाळीसेक ओळी तिला बिनकामाच्या वाटल्या. त्यातली एक सांगत होती, पानाची शेवटची ओळ उठवण्याआधी यंत्राने दोन सेकंद थांबावं. "कसला हा आळशीपणा!" म्हणत ताईने तीच आधी उडवली. इथल्या नव्या यंत्रावर सगळं झकास निघालं, भावानेही बोटं फिरवून पसंती दिली, आणि सुधारलेला प्रोग्रॅम जगभर गेला.

पुढच्या बुधवारी एका दूरच्या शाळेतल्या बाईंचं पत्र आलं. त्यांच्या जुन्या यंत्रावर प्रत्येक पानाची शेवटची ओळ गायब होत होती, आणि शुक्रवारी मुलांची परीक्षा होती.

ताईने तासाभरात तो थांबा परत घातला, सगळीकडे पाठवला आणि मधमाश्यावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "चौदा वर्षांपूर्वी एका शाळेने कळवलं होतं, यंत्र पानाच्या शेवटी दमतं. म्हटलं, दमू दे बिचारं, थांबू आपण."

गुरुवारी बाईंनी कळवलं, "शेवटची ओळ आली."

"अरे, ती ओळ उगाच नव्हती रे," ताई भावाला म्हणाली.

"मग काय, तो माणूस टाइमपास करत होता?" भाऊ हसला.

ताईला हसू आलं नाही. एका अनोळखी शाळेसाठी जगभरची यंत्रं चौदा वर्षं पानोपानी थांबत होती, आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

काढायच्या म्हणून खुणा केलेल्या उरलेल्या ओळी तिने मधमाश्यावाल्याला एकेक करून विचारल्या. ही कुणासाठी? ती कुणासाठी? तो सांगत गेला: एक बहिरी-आंधळी मुलगी, एक तुरुंगातलं वाचनालय, तीन बोटं गमावलेला सुतार. ताई प्रत्येक ओळीशेजारी ते लिहून ठेवत गेली.

त्यांतल्या शेवटच्या ओळीचं उत्तर यायला दोन दिवस लागले.

"ही कुणासाठी ते आठवत नाही. पण कुणीतरी आहे. राहू द्या."

ताईने ती राहू दिली.