हॅब्सबर्गांची सोयरीक

सर अंगठा हनुवटीखाली लावायचे आणि खालचा जबडा पुढं काढायचे. "हा बघा, ताई, हॅब्सबर्ग."

स्टाफरूममध्ये चहा चाललेला असो की कुणाचा निरोपसमारंभ, आमच्या इतिहासाच्या सरांना हा जबडा काढल्याशिवाय चैन पडत नसे. युरोपातल्या त्या राजघराण्यानं राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून पिढ्यान्पिढ्या नात्यातच लग्नं लावली, पार मामा-भाचीचीसुद्धा. स्पेनच्या गादीवरच्या त्यांच्या शेवटच्या राजाचा जबडा तर इतका पुढं आला, की त्याला धड चावताही येत नव्हतं. तो मूलबाळ न होता गेला आणि साम्राज्यावर दुसऱ्यांनी झडप घातली. मी गणिताची बाई, पण इच्छा नसताना हे सगळं मला पाठ झालं होतं.

शिकवायचे मात्र झकास. आमच्या देवासमध्ये थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन दरबार एकाच गावात नांदले. "तुम्हारे यहाँ तो एक सड़क के दो राजा थे, भिया, यूरोप में क्या अलग था?" असं पोरांना विचारायचे, की बोर्बन, रोमानोव्ह ही सगळी राजघराणी गल्लीतलीच वाटायला लागायची.

अडचण अशी, की हा इतिहास त्यांनी घरी नेला.

त्यांची थोरली बहीण, अक्का, धारला दिलेली. आई लवकर गेली, म्हणून सरांना हिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं. आता तुम्हाला ठाऊक आहे, मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. त्यातून माळव्यात आपली मराठी घरं मोजकी. अक्का रीतीप्रमाणे नारळ घेऊन, चार मंडळींसह सरांच्या मुलीला मागणी घालायला आल्या. मी शेजारीण, आत पोहे परतत होते. बाहेर सर म्हणाले, "अक्का, हे नको. घराणं नासतं यानं." आणि सगळ्यांसमोर जबडा काढून दाखवला.

मी झारा टाकून धावले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"म्हणजे माझं पोर नासकं?" अक्कांनी विचारलं. नारळ उचलला आणि चालू लागल्या.

वैताग बघा, त्या दोन्ही मुलांना हे लग्न नकोच होतं. "पोरगी नाही म्हणते" एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण नाही, या गृहस्थाला स्पेन हवा!

त्यानंतर अक्का भाऊबीजेला यायच्या बंद झाल्या. सर सकाळीच अंघोळ करून, टोपी घालून बसायचे. दुपारी टोपी काढून ठेवायचे.

"अहो, तुम्ही जा की धारला. माफी मागा."

"ताई, चूक नाही तर माफी कशाची?"

चूक नव्हती, हेच तर डोकं फिरवणारं. डॉक्टरही तेच सांगतात. बरोबर असलेल्या माणसाशी भांडून दाखवा तुम्ही.

शेवटी एका भाऊबीजेला मीच त्यांना बसमध्ये बसवून धारला घेऊन गेले. वाटभर बजावलं, ओवाळून घ्या, पाया पडा, 'चुकलो' म्हणा, बास. त्यांनी मान डोलावली. अक्कांनी पाट मांडला, ओवाळलं. डोळे भरून आले होते बाईंचे. सर पाया पडले आणि मान वर करून म्हणाले, "अक्का, तू त्या दिवशी पुरतं ऐकलंच नाहीस. त्या स्पेनच्या राजाचं असं झालं..."

मी कपाळावर हात मारून घेतला. अक्का ताम्हण ठेवून आत गेल्या, त्या आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

येताना बसमध्ये मी तोंड फिरवून बसले. सर म्हणाले, "त्यात कुणाचं रक्त वाईट नव्हतं, फक्त एकाच घरात फिरत राहिलं, एवढंच सांगायचं होतं तिला."

"मग तेवढंच सांगायचं होतं ना!"

"मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळत नाही, ताई."

त्याच थंडीत सर गेले. तेराव्याला अक्का आल्या. मंडळी पांगल्यावर माझ्याजवळ सरकल्या.

"तुम्हाला तो शाळेत सगळं सांगायचा ना?" त्यांनी हळूच विचारलं. "त्या स्पेनच्या राजाला बहीण होती का हो?"

मला माहीत नव्हतं.