विसराळू गाडीच्या दोन चाव्या

परळला आमचं गॅरेज आहे. इंजिन, ब्रेक, क्लच नवरा बघतो. वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स माझ्याकडे. त्यामुळे नक्की काय बिघडलंय हे कोणालाच सांगता येत नाही, अशा गाड्या माझ्या वाट्याला येतात.

एका सकाळी दादरच्या एक आंटी आल्या. साठी ओलांडलेल्या, फुलाफुलांचा फ्रॉक, डोळ्यांवर काळा चष्मा. बाहेर कडक ऊन, आणि त्यांच्या गाडीचे वायपर जोरजोरात चालू.

“हे बंद होत नाहीत,” त्या उतरत म्हणाल्या. “काच खाली घेतली तर आतला दिवा लागतो. दिवा बंद करायला जावं तर दारं लॉक होतात. आणि ही गाडी माझी चावी विसरते. आज कशीबशी सुरू झाली. भावाची चावी मात्र बरोबर लक्षात ठेवते.”

“भाऊ कुठे असतात?”

“वरच्या मजल्यावर. गाडी दोघांची आहे. पण सध्या आम्ही बोलत नाही.”

भाचीच्या लग्नात चर्चबाहेर सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांच्या चावीने गाडी सुरूच झाली नव्हती. नवा ड्रेस सांभाळत टॅक्सीने घरी यावं लागलं. भावाने मुद्दाम कुठूनतरी आपली चावी रद्द करून घेतली, असं त्यांनी मनात पक्कं धरलं होतं.

आंटी गाडी ठेवून गेल्या आणि दुपारी भावाचा फोन आला. “बहिणीने गाडी आणलीय ना तुमच्याकडे? तिला एवढंच सांगा, मी काही केलेलं नाही. मला चावी रद्द करता येत नाही हो. मला मोबाइलचा अलार्मसुद्धा बंद करता येत नाही.”

मी कामाला लागले. हल्लीच्या गाड्यांत काचा, दिवे, लॉक, वायपर असली सगळी घरकामं एक छोटा डबा सांभाळतो. त्याला बीसीएम म्हणतात. या गाडीत चावी ओळखायचं कामही त्याच्याकडेच होतं. मी स्कॅनर लावला, तर बीसीएमच्या मेमरीत बिघाड असल्याचा कोड आला. पण एवढ्यावर मी डबा बदलत नाही. बॅटरी कमजोर असली किंवा अर्थिंगची वायर सैल असली तरी हा डबा असाच भरकटतो. दोन्ही तपासलं, ठीक होतं. कोड पुसला, गाडी लॉक करून जरा स्वस्थ राहू दिली आणि चहा प्यायला गेले. परत येऊन बघते तर कोड पुन्हा हजर, वायपर पुन्हा सुरू.

मग डॅशबोर्डच्या खाली हात घातला. कार्पेट ओलं लागलं. डबा काढून उघडला, तर आत एका कोपऱ्यात हिरवा गंज. आता पाणी येतंय कुठून? पुढच्या काचेवर बादलीभर पाणी ओतलं, तर एक बारीक धार आत उतरली. काचेखालची जाळी उचलली. पाणी बाहेर जायच्या वाटेत गुलमोहराची पानं गच्च बसली होती.

मी आंटींना फोन करून सगळं सांगितलं. “तुमची चावी कोणी रद्द केली नाही. डब्यात पाणी गेलं आणि तो विसरायला लागला. आधी तुमची चावी विसरला, पुढेमागे भावाचीही विसरला असता.”

आंटी हळूच म्हणाल्या, “आता त्याला काय सांगू?”

“काही सांगू नका. नवीन डबा बसवल्यावर दोन्ही चाव्यांची ओळख एकदमच करून द्यावी लागते. दोघं या.”

दोघं आले, आंटी टॅक्सीने, त्यांचे भाऊ, म्हणजे अंकल, बसने. गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले. मी सांगितलं, एक चावी लावायची, काढायची, लगेच दुसरी लावायची. मध्ये वेळ गेला तर सगळं पहिल्यापासून.

“मग पहिली कोणाची?” आंटींनी विचारलं.

“गाडीला मोठं-धाकटं कळत नाही, आंटी.”

“मला कळतं.”

“हिचीच लावा आधी,” अंकल म्हणाले.

“नको. मग वर्षभर ऐकवेल.”

“मी कधी ऐकवलं?”

“अलार्मचं कोण ऐकवतं? रोज पहाटे तुझा अलार्म वाजतो, वर आम्हालाच म्हणतो, तुम्ही झोपता कसे?”

एवढ्यात स्कॅनरने वेळ संपल्याचं दाखवलं. मग मी दोन्ही चाव्या काढून घेतल्या, दोघांना मागच्या सीटवर बसवलं आणि स्टिअरिंगवर मीच बसले. कोणाची चावी आधी लावली ते सांगितलं नाही. लॉक खटकन वाजलं. वायपर गप्प.

मागून आंटी म्हणाल्या, “लग्नातलं ते... मी उगाच बोलले तुला.”

“जाऊ दे,” अंकल म्हणाले. “पण झाडाखाली गाडी लावायची कोणाची कल्पना?”

“तुझी.”

“तू म्हणालीस, सीट तापतात.”

हा वाद घेऊनच ते घरी गेले. नाताळात दोघं मिळून माझ्यासाठी कलकलचा गोड फराळ घेऊन आले, तेव्हा मी गाडीचं विचारलं. गाडी अजून त्याच गुलमोहराखाली लागते. दर रविवारी अंकल काचेखालची पानं काढतात आणि आंटी बाल्कनीतून कुठे राहिलीत ते दाखवतात.