मामाचं चपळा चूर्ण

किस्से जमवावे लागत नाहीत. बारीक व्हायला निघालेल्या चार माणसांमध्ये स्टूल टाकून बसा, संध्याकाळपर्यंत टोपलीभर होतात. मी कॉलेज अर्धवट सोडलं, तेव्हा घरच्या मोठ्यांनी मला मामाच्या 'वजन घटवा' सेंटरात बसवलं. पेणला मुख्य, रोह्याला शाखा. शिक्षण सोडून फसवेगिरीला लागलो, आणि सगळे म्हणाले, "पोरगा मार्गाला लागला!"

*

मामाचं चपळा चूर्ण म्हणजे गिरणीत चाळणीखाली उरलेला पोह्यांचा चुरा. भाजायचा, दळायचा, ओवा-हळद टाकायची आणि डब्यात भरायचा. सकाळ-संध्याकाळ चमचाभर, गरम पाण्यातून. बाकी जेवण बंद!

मी म्हटलं, "मामा, हे तर पोहे आहेत."

"बशीत असले की पोहे. डब्यात भरून पथ्य सांगितलं की औषध!"

"आणि ह्याने वजन उतरतं?"

"उपाशी ठेवल्यावर कोणाचं नाय उतरत?"

*

शाळेत मला विज्ञान शिकवलेले गुरुजी आले. त्यांना पथ्य काही झेपेना. चूर्ण नेमाने घ्यायचे, वर दोन्ही वेळ जेवायचे. वजन वाढलं!

मामा शांतपणे म्हणाला, "मेद सुटा झालाय, गुरुजी. आता बाहेर पडायची वाट शोधतोय."

गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. "शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे."

आणखी दोन डबे घेतले आणि जाताना मला ऐकवलं, "शिकला असतास, तर तुलाही कळलं असतं!"

*

रोह्याच्या शाखेत मामाचा एकच नियम. पहिलं वजन जसे आलात तसं, पुढची सगळी अनवाणी.

कंपनीतला एक ऑपरेटर शिफ्ट सुटल्यावर थेट आला. पायात सेफ्टी शूज, डोक्यावर हेल्मेट, खांद्याला जेवणाचा डबा. तसाच काट्यावर चढला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून लुंगीवर आला. काट्याकडे बघून ओरडलाच, "एका दिवसात एवढं!" त्याने अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले.

पुढच्या आठवड्यात अख्खी शिफ्ट दारात. बूट घालून!

*

इथवर मीही हसत होतो. मग मामाने माझ्या आईला धरलं.

"ताई, माझी सख्खी बहीण जाड राहिली तर गिऱ्हाईक काय म्हणंल?"

आई हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखते. हात जरा हलला की मूर्ती वाया. तिने भावासाठी जेवण सोडलं, शुगरची गोळी मात्र चालू ठेवली. मी बोंबललो, "गोळी घेऊन उपाशी राहिलीस तर मरशील गो!"

मामा म्हणाला, "कॉलेज सोडलेल्याने डॉक्टरकी करू नये!"

आईचा हात थरथरायला लागला. एका दुपारी ओळीने सगळे बाप्पा तिरळे! कारखान्याची शेठाणी, ती पण मामाचीच गिऱ्हाईक, मूर्ती हातात फिरवत म्हणाली, "अगो, हा भक्ताकडे बघतोय का शेजारच्या उंदराकडे?"

आईला डोळ्यांवरून काढून पाट रंगवायला बसवलं. लग्न होऊन आल्यापासून ती डोळेच आखत होती. घरी आल्यावर तिने डोळे आखायचा ब्रश फळीवर ठेवून दिला.

मामा खूश. "बघ, चेहरा कसा उतरलाय! चूर्ण लागू पडलं!"

*

आणि मग ती पडली. पाट रंगवता रंगवता घामाने भिजली, जीभ जड झाली आणि रंगाच्या डब्यांवर कोसळली. शेठाणीने गाडी काढून तिला पेणला दवाखान्यात आणलं. मी आणि मामा सेंटरातून धावत पोचलो. डॉक्टरांनी शुगर बघितली, ग्लुकोज लावलं आणि तिच्या पिशवीतला चूर्णाचा डबा उचलला.

"ह्यात काय आहे? असल्या पावडरीत लोक काहीही मिसळतात. खरं कळलं नाही, तर पुढचा इलाज कसा करू?"

"पोहे!" मी म्हणालो.

"तू काय करतोस?"

"कॉलेज सोडलंय."

डॉक्टर मामाकडे वळले. "तुम्ही सांगा."

मामाने आईकडे बघितलं. मग दाराकडे. दारात शेठाणी आणि कारखान्यातल्या बायका, म्हणजे त्याची अर्धी गिऱ्हाइकं. तो डॉक्टरांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला! बहीण आहे ना तुमची?"

"पोहे! भाजलेले पोहे हायत! दुसरं कायच नाय, आईशप्पत!"

मग शेठाणी पुढे झाली.

"डॉक्टर, त्याचं नका ऐकू. बहिणीच्या काळजीने डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. पोह्यांनी कधी कोण बारीक होतं काय?"

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात आईने डोळे उघडले. तिने सगळं ऐकलं होतं. बोटाने मामाला जवळ बोलावलं. तो वाकला, रडायच्या बेतात.

"मेल्या," आई म्हणाली, "पोहेच होते, तर कांदा तरी घालायचास!"