उलटा बसलेला खिळा

पार्सल आलं आणि मी उभ्याउभ्याच दोरा सोडून थेट ते पान काढलं. संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एकाचं हे जुनं पुस्तक. त्यात एक कोष्टक आहे, कोणत्या वयाला किती माणसं उरतात त्याचं. वय चढतं तसा आकडा उतरत जातो. फक्त पहिल्या आवृत्तीत, सत्तेचाळीस वर्षांसमोर, छपाईचा इंग्रजी सहाचा खिळा उलटा बसून नऊ छापला गेलाय. त्यामुळे आदल्या वर्षी गेलेली काही माणसं तिथे परत आलेली दिसतात. पुढच्या आवृत्तीत त्यानं ते सुधारलं. आम्ही संग्राहक पहिली आवृत्ती ओळखतो, ती या चुकीवरून.

घरात अशा तीन प्रती आहेत. तरी चैन पडत नाही. कुठल्याशा पुस्तकविक्रेत्याच्या यादीत या पुस्तकाचं नाव दिसलं की मी पत्र टाकतो आणि पार्सल येईपर्यंत घरभर येरझाऱ्या घालतो. एवढं नेमकं मोजणाऱ्या माणसाकडून मला हवी असते ती त्याची एकुलती एक चूक.

माझा धाकटा भाऊ शेहेचाळिसाव्या वर्षी गेला.

बोट रकान्यावरून खाली आलं आणि थांबलं. सहा. सरळ, स्वच्छ सहा.

"आहे का हो?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही. दुरुस्त केलंय."

ती हात पुसत बाहेर आली. मी पुस्तक परत पाठवायला बांधू लागलो, तेव्हा गाठ सैल पडू नये म्हणून तिनं दोऱ्यावर बोट दाबून धरलं.