न फोडलेली पुडी

माझ्या कपाटात जुन्या लष्करी प्रथमोपचार पेट्या आहेत. जुन्या बाजारांतून, निवृत्त जवानांच्या घरांतून मागून आणलेल्या. त्यांतली सगळ्यांत लाडकी म्हणजे एक खाकी पुडी. आत जखमेवर बांधायची पट्टी आणि बाहेरची शिवण अजून शाबूत. आम्हा संग्राहकांचा नियमच आहे, पुडी फोडायची नाही.

परवा लाल भोपळा चिरताना बायकोचा तळवा विळीवर गेला. रक्त थांबेना. घरातला कापूस संपलेला. मी धावत कपाट उघडलं, पुडी काढली आणि अंगठा शिवणीवर टेकवून तसाच थांबलो.

"अहो, बघत काय उभे राहिलात?" ती ओरडली आणि ओट्यावरचं फडकं तिने स्वतःच हाताला गुंडाळलं.

जखम भरत आलीये. मला मात्र ते कपाट उघडायची भीती वाटते. इतकी वर्षं मी समजत होतो, पुडी फुटली नाही म्हणजे ती ज्याच्या खिशात होती तो जवान धडधाकट घरी परतला असणार. आता वाटतं, तो रक्तात पडलेला असताना त्याच्याशेजारीही कुणीतरी असेल, ही पुडी हातात धरून, माझ्यासारखाच बघत उभा.